न हाताळलेली पिल्लं

४ जानेवारी

आज दुसऱ्या खोलीत उंदरांच्या तीन माद्या व्यायल्या. एकीला तेरा, एकीला अकरा, एकीला नऊ. पीएच.डी.चं काम करणाऱ्या बाईंचा नियम असा की आईपाशी आठच ठेवायची, म्हणजे सगळ्यांना दूध सारखं मिळतं आणि आकडे सारखे येतात. उरलेली नऊ डब्यात घालून खालच्या मजल्यावर दिली. खाली त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही.

ही वही लिहायला घेतली ती बायकोच्या सांगण्यावरून. म्हणाली, "अहो, संध्याकाळी भिंतीकडे बघून पुटपुटत बसता, त्यापेक्षा कागदावर लिहा. भिंत बिचारी काही बोलत नाही म्हणून काय झालं!" गावच्या शाळेत गुरुजी रोज दहा ओळी शुद्धलेखन घालायचे. अक्षर त्यामुळे बरं आहे. विचारांचं सांगता येत नाही.

मी प्रयोगशाळेच्या प्राणीघरात पांढरे उंदीर सांभाळतो. दोन वर्षं झाली. त्याआधी इथंच बागेत होतो. वयानं सगळ्यांत मोठा म्हणून सगळे मामा म्हणतात. पाठीमागे उंदीरमामा म्हणतात हेही मला माहीत आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मामाचं काम सांभाळायचंच असतं.

६ जानेवारी

तीन पिंजऱ्यांवर बाईंनी कार्डं लावली. एकावर निळं, दोनांवर लाल.

निळ्या कार्डाची पिल्लं बाई रोज दहा वाजता स्वतः उचलतात, पंधरा मिनिटं वेगळ्या डब्यात ठेवतात आणि परत आईकडे सोडतात. असं चौदा दिवस. लाल कार्डावर छापलं आहे : चौदा दिवस हात लावू नये. या पिंजऱ्यांचा भुसासुद्धा बदलायचा नसतो.

कशासाठी, ते बाईंनी मला मागेच सांगितलं होतं. मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक बारीक ग्रंथी असते. पिल्लात तर तिळापेक्षाही लहान. आपण घाबरलो की त्यातून रक्तात एक रस उतरतो. पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लाची ही ग्रंथी पहिले दोन आठवडे जवळजवळ निजलेली असते. भीती दाखवली तरी ती फारशी दाद देत नाही.

"आई जवळ असेल तोवर हं मामा," बाई म्हणाल्या.

"आणि आईला दूर नेलं तर?"

"एक दिवसभर नेलं तर जागी होते."

मी हात जोडले. बाई हसल्या. म्हणाल्या, "मला नका जोडू, मी फक्त मोजते." मी बाईंना जोडलेच नव्हते. ज्यानं एवढ्याशा जिवाची भीती चौदा दिवस आईच्या कुशीत बांधून ठेवली, त्याला जोडले.

८ जानेवारी

सकाळी सहाला आलो. ही वेळ मला आवडते. पंख्याचा आवाज आणि कुरतडण्याचा आवाज, बाकी काही नाही. मनातल्या मनात नाम चालू राहतं.

लाल कार्डाच्या पिंजऱ्यांचा कोपरा चार दिवसांतच ओला होतो. दर्पानं डोळ्यांत पाणी येतं. बाळंतिणीला अशा घाणीत बसवायचं म्हणजे पाप आहे. कार्डाचं म्हणाल तर, माझ्या आधी जो म्हातारा होता त्यानं जाताना सांगितलं होतं, "कार्डं शिकायला येणाऱ्यांसाठी असतात रे, आपल्यासाठी नाहीत. सांभाळणारा तो सांभाळणारा." मला ते पटलं. उगाच कोणीही येऊन पिल्लं हाताळू नयेत, म्हणून ती पाटी. घरावर कुत्र्यापासून सावध अशी पाटी असली तरी घरधनी आत जातोच.

मी आईला शेजारच्या रिकाम्या पिंजऱ्यात ठेवतो. पिल्लं मऊ फडक्यात घेतो. ओला भुसा काढतो, नवा घालतो आणि वरून थोडा जुना कोरडा भुसा पसरतो, म्हणजे आईला वास ओळखीचा राहतो. तोवर एकेक पिल्लू तळव्यावर घेऊन अंगठ्यानं पाठ चोळतो. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसतं. दहा-पंधरा मिनिटं जातात. आई परत आली की सगळ्यांना उलटसुलट करून चाटत सुटते, जणू कुठल्या लांबच्या प्रवासाहून आली.

दोन वर्षं माझं हेच चालू आहे. बाई दहाला येतात तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. कामाचा डांगोरा पिटायची मला सवय नाही.

१३ जानेवारी

बाई आणि त्यांचे मार्गदर्शक, मोठे सर, यांचं बाहेरच्या वऱ्हांड्यात वाजलं. मी बाटल्या धूत होतो, ऐकू येत होतं. कान बंद करता येत नाहीत.

सर म्हणाले, "पंचवीस वर्षं मी हेच दाखवत आलोय. लहानपणी ज्यांना रोज हाताळलं, ते मोठेपणी कमी घाबरतात. न हाताळलेले जास्त घाबरतात. जगभर पोचलंय हे."

"सर, माझ्याकडे फरकच येत नाही. दोन्ही गट सारखेच शांत आहेत. एकदा नाही, अकरा वेळा बघितलं."

"मग आकडे घेणारीचं काहीतरी चुकतंय."

बाई आत आल्या, बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि डबा उघडून तसाच मिटला.

"मामा, मला सांगा, माझ्यात काही खोट दिसते का?"

"तुम्ही जेवत नाही, एवढीच."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मार्चमध्ये बाहेरून तीन परीक्षक येणार. सरांच्या समोर उभी राहून मी म्हणणार की सर, तुमचं चुकलंय. पाच वर्षं घातलीत. आई दर रविवारी फोनवर विचारते, झालं का गं तुझं उंदरांचं? या वेळी नाही झालं तर मुदत संपली, मग कधीच नाही."

मी म्हटलं, "खऱ्याच्या पाठीशी देव असतो."

"मग त्याला तारीख सांगून ठेवा."

२२ जानेवारी

आज मागच्या खेपेच्या लाल कार्डवाल्यांची परीक्षा झाली. ते आता सत्तर दिवसांचे आहेत. प्रत्येकाला अंग हलवता येणार नाही अशा अरुंद नळीत वीस मिनिटं ठेवायचं, आधी आणि नंतर शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचा. घाबरल्याचा रस किती वाढला आणि किती वेळात उतरला ते त्यातून कळतं.

बाईंना हात हवा होता म्हणून मी एकेक आणून दिला. मी पिंजऱ्यात हात घातला की ते आपण होऊन बाहीत शिरतात. नळीतसुद्धा फार धडपड नाही.

"बघा, बघा!" बाई म्हणाल्या. "सरांच्या पुस्तकाप्रमाणे हे आत्ता थयथयाट करायला हवेत. आहेत का?"

"अहो बाई, हे गरीबच आहेत. माझ्या हाताला ओळखतात."

"तुमच्या हाताला सगळेच ओळखतात," बाई म्हणाल्या आणि थेंब टिपून घेतला.

मला बरं वाटलं. घरी आल्यावर हिला सांगितलं की बाईंचा प्रयोग माझ्या उंदरांमुळे सरांच्या वरचढ ठरणार.

३० जानेवारी

बायकोचा आज एक दिवसाचा उपास असतो. देवाधर्माचा नाही. बाळाचा. सव्वीस वर्षं झाली. कमी दिवसांचं होतं. नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. दारावर पाटी होती की हात लावू नये, आणि आम्ही दोघं साधी माणसं, आम्ही नाही लावला. दहाव्या दिवशी नर्सनं फडक्यात गुंडाळून हातात दिलं, तेव्हा लावून उपयोग नव्हता.

हे लिहायचं नव्हतं. तारीख लिहिली आणि लिहून गेलं.

९ फेब्रुवारी

दुपारी बाई आल्या. म्हणाल्या, "मामा, बसा. तुम्ही परीक्षक. मला बोलायचा सराव करायचाय. ज्याला यातलं काही कळत नाही त्याला कळलं, तर सगळ्यांना कळेल."

"म्हणजे मी बरोबर माणूस आहे."

मी पिंजऱ्याचं झाकण पुसत बसलो. बाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि समोर मोठी सभा असावी तशा बोलू लागल्या. जन्मल्यावर ग्रंथी किती वजनाची असते, कोणत्या दिवशी तिचे कोणते थर वाढतात, रस कधी कमी असतो, कधी चढू लागतो. मग म्हणाल्या, "आता माझा मुख्य मुद्दा. निळ्या गटाला जन्मापासून चौदा दिवस रोज पंधरा मिनिटं माणसाचा हात लागला. लाल गटाला चौदा दिवसांत एकदाही लागला नाही. तरीही मोठेपणी दोघांत फरक नाही. म्हणजेच हात लागण्यानं काही होत नाही."

मी म्हटलं, "एकदाही नाही?"

"एकदाही नाही. म्हणून तर भुसासुद्धा बदलत नाही आपण. नुसतं पिल्लू उचलून परत ठेवलं तरी आई आल्यावर जास्त चाटते, आणि त्या चाटण्यानं ग्रंथीचा जन्माचा स्वभाव बदलतो, असं सरांचं म्हणणं. लाल गटाला हात लागला असता तर माझ्या सगळ्या आकड्यांना अर्थच उरला नसता. हं, पुढे ऐका."

पुढचं ऐकलं. काय ऐकलं ते आठवत नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "कळलं का?"

कळलं म्हणालो.

११ फेब्रुवारी

काल नाम घेतलं, आज नाम घेतलं. मणी सरकतात, मन सरकत नाही.

आज सकाळी लाल कार्डाच्या पिंजऱ्यासमोर हात मागे बांधून उभा राहिलो. नवी खेप आहे, कालची जन्मलेली. हात लावला नाही. आता न लावून दोन वर्षांचं काय होणार? तरी लावला नाही.

१३ फेब्रुवारी

आज सबंध दिवस मनाशी वकिली केली. मला कोणी विचारलंय का? न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तर ते खोटं बोलणं होतं का? बाईंचं भलं होणार आहे. सर आधीच खूप मोठे आहेत, त्यांचं थोडं कमी झालं तर बिघडत नाही. उंदरांना तर यातलं काहीच वाटत नाही. आणि मी काही वाईट हेतूनं केलं नाही.

प्रत्येक मुद्दा बरोबर होता. सगळे मिळून चुकीचे होते. हे असं कसं, ते मला मांडता येत नाही.

१५ फेब्रुवारी

एक आशा होती. माझ्या आधीच्या म्हाताऱ्यालाही हीच सवय असेल, तर सरांच्या वेळचे लाल पिंजरेही तसेच हाताळलेले असतील, मग माझ्या हाताचा दोष राहणार नाही. त्याला फोन केला.

"तू लाल कार्डवाले पिंजरे साफ करायचास का रे?"

"लाल?" म्हातारा खोकला. "अरे, मी निळेसुद्धा साफ करत नव्हतो. सर ओरडले की वरून मूठभर भुसा टाकायचा आणि वर्तमानपत्र वाचत बसायचं. का? आता तपासणी लागलीय की काय?"

"नाही, सहज."

"तू मात्र मर हं काम करून करून. तुझा स्वभावच तो."

१८ फेब्रुवारी

आज हिला सांगितलं. भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रागावेल, किंवा म्हणेल गप्प बसा. तिनं एवढंच विचारलं,

"किती वेळ धरायचात?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"रोज?"

"रोज."

"सगळ्यांना?"

"एकेकाला."

ती खाली मान घालून देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंत."

मी म्हटलं, अगं, त्या मुलीची पाच वर्षं बुडाली. ती म्हणाली, "ते तिला सांगा. सांगायलाच हवं. पण केलंत ते बरं केलंत." आणि पदरानं नाक पुसून आत गेली. असं का म्हणाली ते कळलं नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील?

२४ फेब्रुवारी

चार वेळा बाईंच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा त्या फोनवर आईशी हसत होत्या. एकदा परीक्षकांसाठी खुर्च्या किती लागतील ते मोजत होत्या. एकदा त्यांनीच आत बोलावून लाडू दिला. म्हणाल्या, "एका परीक्षकाचं पत्र आलं, मामा. म्हणतात, काम धाडसी आहे." लाडू हातात धरून परत आलो. चौथ्या वेळी दार बंद होतं आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मला लाज वाटली.

२६ फेब्रुवारी

सांगितलं.

दुपारी दोन वाजता, त्यांच्या टेबलापाशी उभं राहून. बसा म्हणाल्या, बसलो नाही. पाठ केल्यासारखं सांगितलं. ओला भुसा, फडकं, तळवा, पंधरा मिनिटं, दोन वर्षं, म्हातारा फोनवर काय म्हणाला तेही.

आधी त्यांना वाटलं मी एखाद्याच पिंजऱ्याचं बोलतोय.

"कुठला पिंजरा?"

"सगळे, बाई. सगळे लाल."

त्या उठून भिंतीवरच्या आलेखापाशी गेल्या. त्यावर दोन रेषा आहेत, निळी आणि लाल, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. त्यांनी लाल रेषेवर बोट ठेवलं.

"म्हणजे ही पण निळीच."

बोट त्या रेषेवरून शेवटापर्यंत गेलं.

"म्हातारा आळशी होता, म्हणून सरांचं शास्त्र खरं ठरलं. आणि माझे प्रयोग सुरू झाले तेव्हा मला मिळालात तुम्ही." त्या हसल्या, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "मी दहाला येते हे तुम्हाला माहीत होतं. माझ्यापासून लपवायचा विचार होता?"

"नाही बाई. मला वाटलं, हे कामच आहे."

"मग आता का सांगितलंत? आठ दिवसांवर आलंय. गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं?"

"मला राहवलं नाही."

"तुम्हाला राहवलं नाही." त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "तेव्हा पिल्लं बघून राहवलं नाही, आता देव बघून राहवलं नाही. तुमच्या मनाला बरं वाटलं असेल, मामा. आणि माझं काय?"

 

निघताना म्हणाल्या, "सरांना सांगू नका. मला विचार करू दे."

१ मार्च

बाई आल्या नाहीत. फोनही नाही.

फेब्रुवारीतल्या लाल पिंजऱ्यात मी अजून हात घातलेला नाही. जवळ गेलो की ते कोपऱ्यात जाऊन एकमेकांच्या अंगावर चढतात.

३ मार्च

बाई आल्या. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. भिंतीवरचा आलेख तसाच आहे. काढायला सांगितला नाही. संध्याकाळी त्या सरावही करत होत्या, दार लावून. आतून तेच शब्द ऐकू आले. एकदाही लागला नाही.

मी दारापासून लांब झालो. त्यांनी तसंच करायचं ठरवलं असेल तर मी काय करणार? उभा राहून ओरडू? सांगेपर्यंत मला वाटत होतं की सांगितलं म्हणजे माझं ओझं उतरेल. उतरलं नाही. फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं.

६ मार्च

आज सभा झाली. मी पाण्याचे पेले ठेवून मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. तीन परीक्षक, मोठे सर, आणखी वीसेक माणसं. पहिल्या रांगेच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या, कोऱ्या साडीत, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून. आमच्या बाईंच्या आई असणार. नाक तेच.

बाई ग्रंथीच्या वजनापासून सुरू झाल्या. मला तोंडपाठ झालेलं आहे. थर, रस, चौदा दिवस. मग पडद्यावर त्या दोन रेषा आल्या आणि बाई थांबल्या. एवढ्या थांबल्या की पुढच्या परीक्षकानं पेन खाली ठेवलं.

"या लाल रेषेला मी न हाताळलेला गट म्हणत आले," त्या म्हणाल्या. "तो तसा नाही. दोन वर्षं या पिल्लांना रोज दहा ते पंधरा मिनिटं माणसाचा हात लागत होता. मला हे आठ दिवसांपूर्वी कळलं. त्यामुळे माझ्याकडे तुलनाच नाही. या कामावरून सरांचा निष्कर्ष चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. उलट माझे आकडे त्यांच्या बाजूनं जातात."

कोणीतरी खुर्ची सरकवली. एका परीक्षकानं विचारलं, "हे कोणाच्या हातून झालं?"

मी भिंतीपासून सुटलो. एक पाऊल पुढे टाकलं असेन.

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या. दोन वर्षांत मी एकदाही सकाळी सहाला तिथं गेले नाही."

मी तिथंच उभा राहिलो. दुसरं पाऊल टाकलं नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण हे दुसरं कोणी लिहिणार नाही.

मोठे सर शेवटपर्यंत चष्मा पुसत होते. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. आईंना काय झालं ते नीट कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्या लेकीला विचारत होत्या, "छान बोललीस गं. मग टाळ्या का नाही वाजवल्या त्यांनी?"

७ मार्च

काम नामंजूर. लाल गट पुन्हा पहिल्यापासून करायचा तर पाच महिने लागतात, आणि बाईंची मुदत एप्रिलअखेर संपते. वाढवून मिळणार नाही.

संध्याकाळी मी स्वतः सरांकडे गेलो. म्हटलं, हात माझा होता. ते म्हणाले, "मला माहीत आहे, मामा. तिथं दुसरं कोण असतं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला मी आळशीपणाबद्दल दोनदा ताकीद दिली होती."

सोमवारपासून मला बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं आहे. तिथं जिवंत काही नसतं.

१० मार्च

बाईंच्या कामाचे उरलेले उंदीर आज काढून टाकायचे होते. बिनकामाचे झाले की ठेवत नाहीत. हे काम खालच्या मजल्यावरचा माणूस करतो, पण बाई म्हणाल्या, मी करणार. मग मला विचारलं, "धराल का?"

दोन वर्षांत मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो. सांगून ठेवलं होतं की मला ते जमणार नाही. आज नाही म्हणता आलं नाही.

काचेची पेटी आहे. नळीतून वायू सोडतात. मी एकेक उचलून द्यायचा, बाईंनी आत ठेवायचा.

आधी फेब्रुवारीतले आणले, लाल कार्डवाले, ज्यांना मी हात लावला नव्हता. महिन्याचे झालेत. पिंजऱ्यात हात घालताच पळापळ झाली. एकानं अंगठ्याला कडकडून चावा घेतला, रक्त आलं. दुसरा हातात आल्यावर किंचाळला. इतकं बारीक किंचाळणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. आठही जण लघवी करत, पाय ताठ करत, माझी बोटं ओरबाडत पेटीपर्यंत गेले.  बाईंनी मधेच थांबून माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली.

मग जानेवारीतले. दोन पिंजरे, सोळा. त्यांच्यावरही लाल कार्डच होतं.

मी हात आत ठेवला. पहिला चालत आला, तळवा हुंगला, मनगटावर चढून बसला आणि पुढच्या दोन्ही पायांनी तोंड पुसू लागला. त्याला उचलून बाईंकडे दिला तेव्हाही तो तोंडच पुसत होता. दुसरा बाहीत शिरला, त्याला काढावा लागला. तिसरा तळव्यात गोळा होऊन बसला, लहानपणी बसायचा तसा.

बाई हातातल्या उंदराकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सर बरोबर होते." आवाज अगदी साधा होता, आकडा वाचून दाखवावा तसा. मग त्यांनी खिशातून कागद काढला.

"यांना किती दिवस धरलंत?"

"चौदा. आठ तारखेपासून. नंतरही अधूनमधून."

"किती मिनिटं?"

"पंधरा. रविवारी जास्त."

त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, "आता कशासाठी, बाई?"

"माहीत नाही. खरं असेल ते लिहून ठेवायचं, एवढंच येतं मला."

 सोळाच्या सोळा माझ्या हातातून गेले. एकही ओरडला नाही, एकानंही ओरबाडलं नाही. फेब्रुवारीतल्यांना पेटी दिसली होती. यांनाही दिसली असणार. पण त्यांना वाटलं, मी धरलं आहे.